संहितेत नसलेली रात्र

संगीत नाटकाचा इतिहास आपण बहुधा संहितांच्या आधारे लिहितो. संहिता हाती राहते, गाणे राहत नाही. परंतु ज्या रंगभूमीवर पद ‘वन्स मोअर’च्या गजरात पुनःपुन्हा घेतले जाई आणि दर खेपेस नव्या जागा काढीत वाढत जाई, तिची छापील प्रत हा केवळ सांगाडा होय.

नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व (१८८८–१९६७), यांचे गाण्याचे आरंभीचे शिक्षण जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे झाले. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि पुढे भास्करबुवा बखले यांची तालीम त्यांना लाभली. बंदिश ठरलेली, विस्तार मात्र मोकळा, ही ख्यालगायकीची रीत. ती नाट्यपदात रुजली, तिच्यामागे हे संस्कार होते.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असा विचार निघाला, तो त्यांनी मानला नाही. भामिनी रंगमंचावर आली आणि गायली.

ही हकीकत आपल्याकडे कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. समीक्षेपुढचा प्रश्न मात्र निराळा आहे. भामिनी ही मानी, श्रीमंत घरची, प्रेमात पडणारी नायिका. तिच्या पदांत पुत्रीशोकाला जागा नाही. मग ते दुःख गेले कुठे? नटाचे खासगी दुःख त्याच्या आलापांत ऐकू पाहणे हा चरित्रात्मक समीक्षेचा मोह आहे. कलावंत आणि माणूस सर्वस्वी वेगळे, हे म्हणणेही तितकेच सोपे आहे. पाठ केलेल्या वाक्यांच्या आड नटाला लपता येते. पण पुढचा स्वर त्याच क्षणी शोधायचा असेल, तर मनाला तिथे हजर राहावेच लागते. त्या रात्री हे कसे साधले, याचे उत्तर संहिता देऊ शकत नाही.

पुढे बालगंधर्वांच्या पुष्कळ ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. रंगमंचावर लांबत जाणारे पद तिथे आटोपशीर होते. विस्तारच आवरलेला असल्याने मैफलीची साक्ष द्यायला ही मुद्रिकाही अपुरी पडते. उरते ती श्रोत्यांची आठवण, आणि आठवण भक्तीने रंगलेली असते. म्हणूनच त्या कथेत नटाचा त्याग ठळक होतो आणि मुलीच्या आईला, लक्ष्मीबाईंना, क्वचितच जागा मिळते.

जळगावात आज बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो, ही कृतज्ञता योग्यच आहे. जळगाव-धुळ्याच्या वर्गांत ‘मानापमान’ शिकवताना मात्र संहितेबरोबर हेही सांगायला हवे, की ज्या प्रयोगाने हे नाटक मराठी माणसाचे झाले, तो प्रयोग आपल्यापाशी नाही, आणि त्या रात्री प्रेक्षकांना मिळालेल्या आनंदाची किंमत एका घराने मोजली होती.