इराक युद्ध: खर्चाचा आकडा लहान कसा झाला?

सप्टेंबर २००२. राष्ट्राध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी इराकवरच्या संभाव्य युद्धाचा खर्च १०० ते २०० अब्ज डॉलर सांगितला. व्हाइट हाऊसचे बजेटप्रमुख मिच डॅनियल्स यांनी तो फारच जास्त ठरवला. डिसेंबरात लिंडसेंना पद सोडावं लागलं. जानेवारीत संरक्षणमंत्री रम्सफेल्ड म्हणाले, ५० अब्जांच्या आत भागेल.

सैन्याचंही तेच. व्याप्त इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील, असं लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी बोलले, तर उपसंरक्षणमंत्री वुल्फोविट्झ यांनी ते उडवून लावलं. इराक तेलाच्या पैशांतून स्वतःची उभारणी करेल, हेही त्यांचंच म्हणणं.

खरी मेख हिशेबाच्या पद्धतीत. पैसा मुख्य बजेटऐवजी तातडीच्या पुरवणी मागण्यांतून, हप्त्याहप्त्यानं मागितला गेला. त्यात २००३ मध्येच कर कमी केले, म्हणजे युद्ध उधारीवर. आपल्याकडे लग्नाचं बजेट हॉल आणि जेवणापुरतं सांगतात, व्याज नंतर कळतं, त्यातलाच प्रकार! जखमी सैनिकांचे जन्मभराचे उपचार, पेन्शन, कर्जावरचं व्याज सुरुवातीच्या आकड्यांत नव्हतंच.

अमेरिकन काँग्रेसच्या संशोधन सेवेनं २०१४ मध्ये इराकचा खर्च सुमारे ८१५ अब्ज डॉलर मांडला. व्याज आणि उपचार धरून स्टिग्लिट्झ व बिल्म्स या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्येच ३ लाख कोटी डॉलर म्हटलं होतं. अमेरिकेचे ४,४०० हून अधिक सैनिक आणि लाखावर इराकी नागरिक मेले.