ना. घ. देशपांडे यांच्या दोन पुस्तकांमधली वर्षं

फ्रीलान्स काम करणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा ऐकू येतो: रोज किती तास बसायचं? चित्रं काढणारा असो की गाणी लिहिणारी, रोज काहीतरी बाहेर पडलंच पाहिजे असं आपण धरून चालतो. हा प्रश्न घेऊन आपण बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरला जाऊ.

कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ सालचा. कायद्याचं शिक्षण घेऊन त्यांनी मेहकरला वकिली केली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी त्यांची ‘शीळ’ ही कविता गायली, ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती घरोघरी पोचली. मराठी भावगीताच्या इतिहासात हे गाणं अगदी सुरुवातीला येतं.

असं यश आज तुम्हाला मिळालं तर काय कराल? लगेच पुढचं गाणं, त्याच्या पुढचं गाणं! ना. घं.चा ‘शीळ’ हा पहिला संग्रह मात्र आला १९५४ साली, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळाने. मग ‘अभिसार’ १९६३, ‘खूणगाठी’ १९८५. या ‘खूणगाठी’ला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कवी पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. ‘गुंफण’ आणि ‘कंचनीचा महाल’ १९९६ साली आले.

प्रकाशनाची वर्षं म्हणजे लिहिण्याची वर्षं नव्हेत, हे इथे लक्षात ठेवायला हवं. दोन पुस्तकांमध्ये बावीस वर्षं गेली म्हणून कवी गप्प बसला होता असं होत नाही. पण पुस्तक काढायची घाई नव्हती, एवढं नक्की दिसतं. वकिलीही तशी फ्रीलान्सच. आज पक्षकार आहे, उद्या नाही. तरी तिला कोर्टाची वेळ असते, तारखा असतात, रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी असते. घरखर्च वकिलीवर असला की कवितेला थांबता येतं.

त्या पिढीत हे नवल नव्हतं. पुण्यात १९२३ साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळातले माधव ज्यूलियन आणि गिरीश हे पेशाने शिक्षक. कवी एकत्र जमायचे ते रविवारी, चहावर. म्हणजे त्यांची लय आठवड्याची होती.

पण याला ‘जुना सुखाचा काळ’ म्हणून मोकळं होऊ नका. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. त्यांचं तेवढं एकच पुस्तक आपल्यापर्यंत आलं. सवड ही शिस्तीतून येते, तशीच ती पैशातून आणि घरात दुसऱ्या कुणीतरी उपसलेल्या कामातूनही येते. कुणाची दिनचर्या वाचलीत की स्वयंपाक कोण करत होतं, हे जरूर विचारा.

तेव्हा ‘रोज किती तास’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. वहीत दोन रकाने आखा: कोणत्या कामाने भाडं भरायचं, आणि कोणत्या कामाकडून पैशाची अपेक्षा धरायची नाही. पहिल्याच्या वेळा घड्याळावर ठरवा. दुसऱ्याला आठवड्यातला एक वार द्या आणि घरातल्यांना तो आधी सांगून ठेवा. त्यांनाही तसा एक वार मिळतोय ना, तेही बघा.