लायटर गेला, सॉकेट राहिलं

गाडीत फोन चार्ज करायचं ते गोल सॉकेट एवढं मोठं, खोल आणि जरा ढिलं का असतं? कारण ते प्लगसाठी बनलेलंच नव्हतं. ते सिगार पेटवायचं साधन होतं.

१९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींमध्ये विजेचे लायटर येऊ लागले. सुरुवातीच्या लायटरला वायर असायची. १९२१ मध्ये वायरशिवाय उचलता येणाऱ्या लायटरला तिथे पेटंट मिळालं. पुढे आपोआप बाहेर येणारे लायटर आले. लायटर आत दाबला की दोन धातूंच्या जोडपट्ट्या त्याला धरून ठेवतात. तारेचं वेटोळं लालबुंद झालं की पट्ट्या वाकतात आणि स्प्रिंग लायटरला बाहेर ढकलते. म्हणजे ही रचना उष्णतेसाठी होती.

पण हाताशी तयार वीज आहे म्हटल्यावर लोक तिथे दिवे, हवा भरायचे पंप असं काय काय जोडू लागले. या सॉकेटची मापं एसएई जे५६३ या मानकात आहेत. खास प्लगसाठी बनवलेलं, लहान आणि घट्ट बसणारं आयएसओ ४१६५ सॉकेटही आहे. काही मोटरसायकलींवर ते दिसतं, पण कारमधल्या जुन्याला ते हटवू शकलं नाही.

का? प्रत्येक गाडीत जुनं सॉकेट, म्हणून उपकरणांना तोच प्लग. उपकरणांना तोच प्लग, म्हणून नव्या गाडीतही तेच सॉकेट. याला ‘पाथ डिपेंडन्स’ म्हणतात. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये क्वर्टी कीबोर्डवरून हाच मुद्दा मांडला होता. मात्र प्रबंधात नुसता हा शब्द लिहून भागत नाही. बदलाचा खर्च कुणावर पडला असता, हे दाखवावं लागतं.

हा इतिहास आजही आपल्याला भोवतो, तो असा. प्लगचं टोक स्प्रिंगच्या जोरावर नुसतं टेकलेलं असतं. हादऱ्यांनी ते सैल झालं की रोध वाढतो आणि प्लग तापतो. फ्यूज साधारण १० ते २० अँपिअरचा असतो. १२ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे फक्त १२० वॅट. फोन खुशाल चार्ज करा, पण हीटर जोडण्याआधी त्यावरचे वॅट वाचा. फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज घालू नका. तो वायर वाचवण्यासाठी असतो, तो मोठा केला तर वायर जळेल. आणि ज्या सॉकेटवर नुसतं ‘१२ व्होल्ट’ लिहिलंय, त्यात लायटर घालू नका. तिथे बहुधा त्या जोडपट्ट्याच नसतात, त्यामुळे तापलेला लायटर बाहेर येणारच नाही.

बघा, बाहेरून आकार तोच, आतून वस्तू वेगळी. संशोधकासाठी धडा इथेच आहे. पेटंटमधून बनवणाऱ्याचा हेतू कळतो, वापर कळत नाही. वापर शोधायचा तर मालकाला मिळणारी माहितीपुस्तिका, उपकरणांच्या जाहिराती आणि प्रत्यक्ष वस्तू बघा. सरावासाठी एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या पुस्तिका शेजारी ठेवा आणि ‘लायटर’चं ‘पॉवर आउटलेट’ कधी झालं ते शोधा. छोटासाच प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर पुराव्यानिशी देता येतं. पहिल्या शोधनिबंधाला तेवढं पुरतं.