थेंबांची जागल

दिवाळीच्या फराळाशेजारी इस्पितळातील सलाईनची बाटली आणून ठेवणे हा काही रसिकपणा नव्हे, हे मला कबूल आहे. पण गेल्या वर्षी कोजागरीच्या सुमारास वर्ध्याच्या एका इस्पितळात मला चार रात्री काढाव्या लागल्या. तेथे त्या बाटलीशी जो परिचय झाला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुखणे साधेच, ढाळ आणि ओकाऱ्यांचे. परंतु वय सत्तरीपलीकडचे आणि हृदय जरा नाजूक. रात्री दहाला अर्ध्या लिटरची नवी बाटली लागली. अकराच्या सुमारास मला कंटाळा आला. बाटली लवकर संपली तर आपणही लवकर सुटू, असा सरळ हिशेब करून मी नळीवरचे छोटे चाक हळूच फिरवले. थेंबांची धार झाली. अर्ध्या तासाने रात्रपाळीची सिस्टर आली. बाटलीवर तिने कागदाची पट्टी चिकटवून तासांच्या खुणा केल्या होत्या. साडेअकरालाच पाणी एकच्या खुणेवर उतरलेले पाहून तिने आधी चाक आवळले. मग मला उठवून बसवले, नाडी पाहिली, दम लागतो का विचारले, डॉक्टरांना बोलावून छाती तपासवली. सारे ठीक आहे असे कळल्यावर मगच ती बोलली.

"काकाजी, त्या चाकाले पुन्हा हात लावू नका. पाणी जास्त झालं तं पऱ्हाटी पिवळी पडते. तुमच्या छातीत पाणी झालं असतं तं मी घरच्यायले काय सांगितलं असतं?"

मी वरमलो. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. एका पोरीने मला गणित शिकवले. वीस थेंबांचा एक मिलिलिटर. अर्धा लिटर चार तासांत द्यायचा, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब. घड्याळ समोर धरून ते मोजायचे, आणि रोगी कुशीवर वळला, हात वाकला की पुन्हा मोजायचे.

घरी परतल्यावर मी या बाटलीचा इतिहास शोधू लागलो, आणि पहिल्याच पानावर थबकलो.

१८३१ साली पटकी इंग्लंडात पोहोचली. ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार निघून गेले आहेत असे दाखवून दिले. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानात तारायंत्र उभारणारा म्हणून प्रसिद्धी पावला. त्याच्या शोधाच्या आधाराने मे १८३२ मध्ये स्कॉटलंडातील लीथ गावी टॉमस लाटा या डॉक्टराने एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. थोडे थोडे करीत सहा पिंट, म्हणजे तीन लिटरहून अधिक पाणी गेले. खोल गेलेले डोळे उजळले, नाडी परतली, हातपाय ऊबदार झाले. बाई वाचली, असे समजून थकलेला लाटा विसाव्यासाठी गेला आणि तिला दुसऱ्याच्या हवाली केले. त्याची पाठ वळताच ढाळ पुन्हा सुरू झाले. पुन्हा पाणी द्यायला हवे होते. ते कोणी दिले नाही. साडेपाच तासांत बाई गेली.

या शोधाचा पहिलाच रोगी औषधाअभावी गेला नाही, जागलीअभावी गेला. आमच्याकडे पीक भरात आले की शेतकरी माळ्यावर बसून रात्रभर जागल करतो. तसे त्या खाटेशेजारी कोणी बसले असते तर? पुढल्याच वर्षी लाटाही वारला. तेव्हा जंतूंची ओळख नव्हती, पाणी उकळून घ्यावे हे ठाऊक नव्हते. शिरेतून जीवनाबरोबर विषही जाई. उपाय मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्सने तो सुधारून पटकीचे मृत्यू बरेच खाली आणले.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. १९३९ साली वर्ध्याच्या परिसरात पटकी उसळली. दिल्लीहून नुकतीच वैद्यकी शिकून आलेली सुशीला नायर ही तरुणी जवळजवळ एकटीने त्या साथीशी झुंजली. तिची ती धडाडी पाहून गांधीजींनी तिला आपली वैद्य नेमले. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान राजवाड्यात कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या, तेव्हाही त्या तेथेच बंदिवासात होत्या. देवदासांनी पेनिसिलिन मागवले होते. पण ते दर काही तासांनी टोचावे लागेल असे कळताच, मरणाच्या दारातील जिवाला ही यातना कशाला, असे गांधीजींचे मत पडले. ते बरोबर की चूक, याचा वाद आजही चालतो. पण सुई लावण्याआधी तिची खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न प्रत्येक खाटेपाशी विचारण्याजोगा आहे. पुढे सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाने दवाखाना उभा राहिला आणि १९६९ साली, गांधीशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायरांनी तेथेच वैद्यकीय महाविद्यालय काढले.

या प्रश्नाचे एक उत्तर १९७१ साली मिळाले. बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली आणि बनगावच्या छावणीत सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि साखर घातलेले पाणी नातेवाइकांच्या हाती दिले. पाजीत बसा, म्हणाले. शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यू चारांच्या आत आले. तेथेही वाचवणारे होते ते शेजारी बसलेले माणूस.

आमच्या खेड्यांत मात्र अजून "एक सलाईन लावून द्या जी, ताकद येईल," असा आग्रह होतो. अर्ध्या लिटर ग्लुकोजच्या बाटलीत साखर असते अवघी पाच-सहा चमचे! साध्या सलाईनमध्ये तर नुसते मीठ आणि पाणी. पिता येत असेल त्याने प्यावे. शीर उघडणे म्हणजे जंतूंना घराचे दार उघडणे.

ते दार राखते सिस्टर. नंतरच्या रात्री मी तिचे काम पाहत पडलो होतो. प्रत्येक खाटेपाशी हात धुणे. बाटलीवरचे नाव कागदाशी ताडणे, मुदत पाहणे, बाटली उजेडात धरून गढूळपणा किंवा चीर शोधणे. नळीतली हवा काढणे. नळीचे तोंड स्पिरिटने चोळून ते वाळू देणे. सुईची जागा लाल झाली का, सुजली का, दुखते का, हे बोट लावून पाहणे. तसे असेल तर नळी तेथून काढून दुसरीकडे घालणे. पट्टीवर तारीख लिहिणे. आणि गरज संपली की त्याच दिवशी नळी काढून टाकणे. एकाही कामाला टाळ्या पडत नाहीत. ते चुकले तरच त्याची आठवण होते.

निघताना मी तिला विचारले, "बाई, दिवाळीला गावी जाणार ना?"

"नाही जी. लक्ष्मीपूजनाले माझी रातपाळी हाय."

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात पणत्या लावून झाल्यावर मी उगाच घड्याळाचा सेकंदकाटा पाहत बसलो. बेचाळीस मोजले आणि मग जेवायला उठलो.