नोव्हो ब्रदोची चांदी: ढाल की आमिष?

आज गोष्ट आहे एका हलक्या होत गेलेल्या नाण्याची.

सर्बियाचा चांदीचा दिनार तेराव्या शतकात व्हेनिसच्या ग्रोसोच्या धर्तीवर निघाला. वजन साधारण दोन ग्रॅम. पंधराव्या शतकात राज्यकर्ता जुराज ब्रांकोविचच्या काळात तोच दिनार जेमतेम एक ग्रॅमवर आला. मला आधी वाटायचं, खाणी आटल्या असतील. पण नाही! आजच्या कोसोवोतली नोव्हो ब्रदोची खाण तेव्हा भरात होती. चांदीला वाटाच फार फुटल्या होत्या. थोडी दुब्रोवनिकचे व्यापारी नेत, थोडी सुलतानाच्या खंडणीत जाई, थोडी स्मेदेरेवोचा नवा किल्ला आणि फौज पोसण्यात.

म्हणजे चांदीनं राज्य तगवलं, आणि शत्रूची नजरही तिच्यावरच खिळवली.

पुढची गोष्ट मला चटका लावते. जुराज सुलतानाचा मांडलिक. त्यामुळे १४५३मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तटाखाली भुयारं खणायला नोव्हो ब्रदोचेच खाणकामगार गेले. दोनच वर्षांनी, १४५५मध्ये, सुलतान दुसरा मेहमद त्यांच्याच गावावर तोफा घेऊन आला. ४० दिवसांच्या वेढ्यानंतर गाव पडलं. तिथं पकडलेल्या कॉन्स्टंटिन मिहाइलोविचनं पुढे लिहून ठेवलंय, की सुलतानानं ३२० मुलगे निवडून नेले. उरलेल्यांना परत गावात धाडलं.

का? अहो, खाण चालवायला माणसं हवीत ना! पुढे नोव्हो ब्रदोत टांकसाळ चालली, चांदी तीच. पण नाणं पडायचं सुलतानाच्या नावाचं.