साक्रीच्या शाळेतला तांदूळ

साक्री तालुक्याचा पूर्वभाग बाजरी-ज्वारीचा. पिंपळनेरच्या पलीकडे डोंगर लागला की नागली, भगर आणि थोडा भात. पांझरा-कानच्या काठी शेकडो वर्षांची फड पद्धत: नदीवर बंधारा, पाटाचे पाणी, एका फडात सगळ्यांचे एकच पीक आणि वाटणीला गावानेच नेमलेला पाटकरी. पिकवायचे आणि वाटून घ्यायचे, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. तरीही सरकारी अन्न इथे नेहमी बाहेरूनच आले. १९७२ च्या दुष्काळात कामांवर सुकडी आली, रेशनवर अमेरिकेची मिलो आली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची शालेय पोषण योजना सुरू झाली. तेव्हा हजेरी भरली की मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे. तो घरी जाई आणि सगळ्या घरात वाटला जाई. गोदामे भरलेली असताना माणसे उपाशी का, या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि पुढे शाळांच्या आवारात चुली पेटल्या. खिचडी आली.

तांदूळच का? तर अन्न महामंडळाच्या गोदामात तो होता. शिवाय, खरे सांगायचे तर, दोनशे मुलांच्या भाकरी थापणार कोण? खिचडी एका पातेल्यात होते. पण त्यामुळे भाकरीच्या मुलखातली शाळा भातावर गेली आणि शाळेमागच्या शेतातली बाजरी शाळेत आलीच नाही. गावात राहिली ती स्वयंपाकीण बाईंची मजुरी आणि आठवडे बाजारातल्या भाजीचे पैसे.

ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला: शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतले किमान ३० टक्के लहान शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च झाले पाहिजेत, असे त्यात तेव्हा होते. आपल्याकडे २०२४ मध्ये राज्याच्या पाककृतींत नाचणी सत्त्व आले. नाचणी म्हणजे आपली नागलीच. सत्त्वाला भाकरीसारखे थापावे लागत नाही, ही जमेची बाजू.

पण नागली झोडपून, पाखडून, दळून शाळेपर्यंत पोचवणारा गट लागतो, आणि रोख पैसा लागतो. सरकारी बिलाला दोन महिने लागले, तर दोन एकरवाला थांबू शकत नाही. पोते पाठीवर घेऊन तो पिंपळनेरच्या व्यापाऱ्याकडे जातो.