अडकलेले शटर आणि ‘फेड’ची आद्याक्षरे

जुन्या बाजारातून आणलेल्या सोव्हिएत ‘फेड’ कॅमेऱ्याचे शटर अडकले, की पुष्कळ जण आधी स्प्रिंग आवळतात. माझ्या मते ही घाई घातक आहे. आत रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे असतात. ते एकामागोमाग धावतात आणि मधल्या फटीतून फिल्मवर प्रकाश पडतो. वर्षानुवर्षे पडून वंगण चिकटते, कापड कडक होते. ताण वाढवला तर पडदे तात्पुरते धावतात. दोष तसाच राहतो. आधी जुने वंगण पुसावे.

या कॅमेऱ्याचा इतिहासही असाच थर काढत वाचावा लागतो. जर्मनीच्या ‘लायका २’ची ही नक्कल १९३४ पासून खारकिव्ह येथे मोठ्या प्रमाणावर बनू लागली, तीही बेघर मुलांच्या वसाहतीत. तेथील शिक्षणाची धुरा आंतोन माकारेंको यांच्याकडे होती. माथ्यावर कोरलेली आद्याक्षरे मात्र फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की यांची. ‘चेका’ या गुप्त पोलीस दलाच्या संस्थापकाची. निराधार मुलांना हुन्नर देणारे हात आणि देशाला धाक घालणारे नाव एकाच यंत्रावर नांदले. म्हणून ‘लायकाची नक्कल’ एवढीच त्याची नोंद मला अपुरी वाटते.